छंद म्हणून ॲप-निर्मिती

क्लास न लावता, फावल्या वेळात फोन आणि संगणकासाठी स्वतः ॲप करायला शिकण्याचा छंद. सोलापुरात पहिल्या ॲपसाठी विषय शोधावा लागत नाही. यंत्रमागावर टॉवेल-चादरी विणणाऱ्याला नगावर मजुरी मिळते. रोजचे नग आणि आठवड्याची बेरीज वहीतून फोनवर आणायची, सुरुवातीला एवढे काम पुरेसे आहे.

फोन व संगणक दोन्हींवर तेच ॲप हवे असेल तर गूगलचे फ्लटर हे ॲप बनवण्याचे साधन सोयीचे पडते. त्याची प्रोग्रामिंग भाषा डार्ट. पहिली स्थिर आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि विंडोजवरची ॲप्स २०२२ पासून स्थिर झाली. ८ जीबी रॅमवर इम्युलेटर (संगणकावरचा नकली फोन) रडतखडत चालतो, त्यापेक्षा स्वतःचा फोन जोडावा: फोनच्या सेटिंग्जमधल्या 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे, मग यूएसबी डिबगिंग (संगणकावरून फोनवर ॲप चालवून पाहण्याची मुभा) चालू करायचे. तरीही फोन दिसला नाही तर आधी केबल बदलून पाहावी. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. विंडोजसाठी व्हिज्युअल स्टुडिओ आणि त्यातला सी प्लस प्लसचा भाग लागतो. नुसता व्हीएस कोड हा कोड लिहिण्याचा एडिटर टाकून भागत नाही.

मजुरी अपूर्णांकात साठवू नये. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज डार्टमध्ये ०.३०००००००००००००००४ येते. १२ रुपये ५० पैसे म्हणजे १२५० पैसे, असा पूर्णांकच ठेवावा. रुपये फक्त दाखवताना करावेत.

मराठीची खरी अडचण अक्षरे मोजताना कळते. 'सोलापूर' या शब्दाची लांबी डार्ट ७ सांगते, डोळ्यांना अक्षरे ४ दिसतात, कारण ओकार, काना, ऊकार यांना स्वतंत्र कोड आहेत. नावाचे पहिले अक्षर गोलात दाखवायला गेले की 'सो'ऐवजी नुसता 'स' उमटतो. त्यासाठी डार्टचे कॅरॅक्टर्स पॅकेज (तयार कोडचा संच) वापरावे. मात्र त्याच्या जुन्या आवृत्तीत श्रीशैलचा 'श्री' तुटतो, तेव्हा जोडाक्षरे तपासूनच पुढे जावे. तेलुगू आणि कन्नडची जोडाक्षरेही अशीच तपासावीत. शहरात या दोन्ही भाषा घराघरांत बोलल्या जातात, म्हणून स्क्रीनवरचा मजकूर कोडमध्ये न लिहिता पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाइलींत ठेवणे फार मोलाचे ठरते.

विंडोजचे ॲप देताना एकटी ईएक्सई फाइल दिली तर ती उघडत नाही. तयार ॲपच्या सगळ्या फाइली असलेला रिलीज फोल्डर सगळा द्यावा लागतो. प्ले स्टोअरवर नोंदणी एकदाच २५ डॉलर. नव्या वैयक्तिक खात्याला १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणीही करून घ्यावी लागते. ओळखीच्या चार जणांना थेट एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) पाठवणे सोपे, पण तिथे सहीच्या चावीकडे, म्हणजे ॲप कोणाचे हे पटवणाऱ्या डिजिटल खुणेकडे, दुर्लक्ष होते. फ्लटरचा कोरा प्रकल्प रिलीज एपीकेवरही चाचणीपुरत्या डिबग चावीचीच सही करतो. संगणक फॉरमॅट झाला की ती चावी जाते, नवी आवृत्ती जुन्यावर बसत नाही, आणि जुने ॲप काढले की त्यातला मजुरीचा हिशेबही पुसला जातो. स्वतःची चावी पहिल्या एपीकेआधीच तयार करून तिची प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी.