बाळू पालवणकर

डावखुरे स्लो बोलर, भारतातले पहिले मोठे स्पिनर म्हणायला अजिबात हरकत नाही. गोऱ्या साहेबांच्या क्लबात वर्णभेद आणि आपल्याच हिंदू टीममध्ये (तेव्हा टीम जातजमातीप्रमाणे असायच्या) शिवाशिव, असं दोन्हीकडून अडवलेलं असताना हा माणूस निव्वळ बोलिंगच्या जोरावर वर आला.

जन्म धारवाडचा, चांभार कुटुंबात. साल कुठे 1875 तर कुठे 1876 दिलेलं असतं, म्हणून 1875-76 च्या सुमारास म्हटलेलं बरं. वडील पलटणीत शिपाई होते असं एक मत, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते असं दुसरं. काही असलं तरी बाळूंचं लहानपण पुण्यात लष्कराच्या आसपास गेलं आणि क्रिकेट तिथेच हाताला लागलं, एवढं धरून चालता येतं.

आधी पुण्यात पारशांच्या मैदानावर पिच झाडायचं, रोलर फिरवायचं काम, मग 1892 च्या आसपास युरोपियन क्लबात नोकरी, पगार महिना 4 रुपये सांगतात. तिथे साहेबांना प्रॅक्टिससाठी नेटमध्ये तासन्‌तास बोलिंग टाकायची, पण बॅट हातात घ्यायची नाही, बॅटिंग फक्त गोऱ्यांनी करायची. क्लबातला इंग्रज लष्करी अधिकारी कॅप्टन ग्रेग आउट झाला की दर विकेटला आठ आणे द्यायचा ही गोष्ट सगळीकडे येते. आठ आण्यांचा भाग ऐकीव वाटतो, मात्र ग्रेगसारख्या पट्टीच्या बॅट्समनला रोज बोलिंग टाकूनच हात तयार झाला यात शंका नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू टीमने घेतलं (साहेबांना हरवायचं तर बाळूशिवाय गत्यंतर नव्हतं), तरी चहा पॅव्हेलियनच्या बाहेर आणि तोही मातीच्या भांड्यात, जेवणाचं ताट वेगळं, टेबल वेगळं. बॉल मात्र सगळे एकच हाताळत होते!

1906 साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना 109 रन्सनी हरवलं, त्यात बाळू आणि भाऊ शिवराम दोघेही होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात, पतियाळाच्या महाराजांच्या कॅप्टनशिपखालच्या भारतीय टीममधून, त्यांच्या 114 विकेट झाल्या. कुठे 75 हा आकडा दिसतो तो फक्त फर्स्ट क्लास मॅचेसचा, दोन्ही बरोबर आहेत. वय तेव्हा पस्तिशीचं, टीम बहुतेक मॅचेस हरत होती आणि हे एकटे विकेटा काढत होते.

एवढं करूनही हिंदू टीमची कॅप्टनशिप रीतसर त्यांच्याकडे कधी आली नाही, हा सरळसरळ अन्यायच. 1923 साली धाकटे भाऊ विठ्ठल कॅप्टन झाले.

नंतर राजकारण. 1932 च्या पुणे करारावर सही, 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसकडून डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. 1955 मध्ये मुंबईत निधन.