ॲलर्जीच्या प्रतिपिंडांबाबत सहनशीलता (प्रायोगिक प्राण्यांतील)

एखाद्या ठरावीक प्रतिजनाविरुद्ध (शरीर परका मानते त्या पदार्थाविरुद्ध) आयजीई वर्गाचे, म्हणजे ॲलर्जी घडवणारे, प्रतिपिंड (बचावासाठीची प्रथिने) प्राण्याच्या शरीरात तयार होऊ नयेत, किंवा झालेले घटावेत, यासाठी प्रयोगशाळेत योजले जाणारे उपाय. बाकीची रोगप्रतिकारशक्ती शाबूत राहिली पाहिजे. सरसकट सगळीच दाबून टाकली तर ती सहनशीलता नव्हे.

प्रयोगासाठी बहुधा बाल्ब-सी जातीचे उंदीर घेतात. अंड्याच्या पांढऱ्या बलकातील ओव्हालब्युमिन हे प्रथिन ॲल्युमिनियम क्षारासोबत पोटात टोचले की काही आठवड्यांत आयजीई तयार होते. ते मोजण्याची जुनी रीत मोठी देखणी होती. संशयित रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याच्या त्वचेत टोचायचे, नंतर शिरेतून प्रतिजन आणि निळा रंग सोडायचा. आयजीई असेल तर मास्ट पेशी (ॲलर्जीची रसायने साठवणाऱ्या पेशी) फुटून हिस्टामिन हे रसायन सुटते, केशवाहिन्या पाझरतात आणि त्वचेवर निळा डाग उमटतो. आता हे काम एलायझा या प्रयोगशाळेतील रंगचाचणीने होते.

गिनीपिगांना आधी अंड्याचे प्रथिन खाऊ घातले, तर पुढे तेच टोचल्यावर होणारा जीवघेणा झटका टळतो, हे संशोधक वेल्स यांनी 1911 मध्येच दाखवले होते. आयजीईची ओळख मात्र इशिझाका दांपत्याने 1966 मध्ये पटवली. पुढे प्रतिजनाचे सूक्ष्म तुषार हुंगवणे, तसेच प्रतिजनाला पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे लांब साखळीचे रसायन जोडून टोचणे (कॅनडातील सेहॉन यांचे काम) हे मार्गही आजमावले गेले. तोंडावाटे मोठी मात्रा दिल्यास त्या प्रतिजनाला ओळखणाऱ्या टी पेशी (रोगप्रतिकार चालवणाऱ्या पांढऱ्या पेशी) निष्क्रिय होतात किंवा मरतात. लहान मात्रा वारंवार दिल्यास नियामक (प्रतिक्रियेला लगाम घालणाऱ्या) टी पेशी वाढून आयएल-10 व टीजीएफ-बीटा ही प्रतिक्रिया शमवणारी प्रथिने स्रवतात.

खरी अडचण वेळेची. कोऱ्या, म्हणजे त्या प्रतिजनाशी आधी गाठ न पडलेल्या, उंदराला सहनशील करणे सोपे. एकदा ॲलर्जी जडली की दीर्घायुषी प्रतिपिंडनिर्मात्या पेशी सहजी दबत नाहीत. आणि रुग्ण दवाखान्यात येतो तो शिंका सुरू झाल्यावरच.

पुणेकरांच्या ओळखीचे उदाहरण गाजरगवताचे. भारतात त्याची ठळक नोंद 1950 च्या दशकात पुण्यातूनच झाली. त्याच्या परागकणांनी येणारी सर्दी आयजीईमुळे असू शकते, पण पानांच्या स्पर्शाने उठणारा इसब मुख्यतः टी पेशींचे काम. तिथे आयजीई घटवून उपयोग नाही. अर्थात, रसायन आधी खाऊ घालून गिनीपिगांमधील स्पर्शजन्य ॲलर्जीही रोखता येते, हे चेस यांनी 1946 मध्ये दाखवले आहे. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांमध्ये उंदरांवर असे काही करायचे, तर आधी संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागते.