शाळेत मदत की मुलांच्या घरात? फाटक एकच, कामं दोन

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की कोल्हापुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून विचारणा सुरू होते. कुणी तरुण संघातली मुलगी, कुणी निवृत्त सर, कुणी नर्सताई. सगळ्यांचं म्हणणं एकच: "केनियात मिशनची अनाथ मुलांची शाळा आहे, तिथं महिनाभर सेवा करायला जायचंय." भावना खरी असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण या एका वाक्यात दोन वेगळ्या संस्था एकत्र कालवल्या जातात. शाळा ही एक आणि मुलांचं निवासगृह, ज्याला आपण सरसकट अनाथाश्रम म्हणतो, ती दुसरी. आवार एक, पाटी एक, पाळक एक, देणगीदारही तेच. म्हणून मदतही एकच असं लोक धरून चालतात, आणि नुकसान तिथंच होतं.

शाळेबद्दल फार सांगायला नको, शाळा तुम्हाला माहीत आहे. केनियात शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि त्याची तीन सत्रं असतात. आपल्या मे महिन्यात तिथं दुसरं सत्र चालू असतं, म्हणून मे सोयीचा. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका, तेव्हा तिथं परीक्षा तरी असतात नाहीतर सुट्टी. वरच्या वर्गांत इंग्रजीतून शिकवतात, त्यामुळे आपल्याकडच्या गणिताच्या सरांना अडत नाही. दुपारी मका आणि घेवड्याची उसळ, गिथेरी म्हणतात तिला, मुलांच्या पंगतीत बसून खा. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि दाखला जपून ठेवा, परतताना आपल्या विमानतळावर तो मागतात. एवढं पुरे.

आता निवासगृह. फरक दुपारी चारला कळतो. घंटा होते, शाळेतली बहुतेक पोरं दप्तर पाठीला लावून घराकडे सुटतात आणि काही मुलं त्याच आवारातल्या दुसऱ्या इमारतीत जातात. पाहुणे शिक्षक आले, महिनाभर शिकवून गेले, तर घरी जाणाऱ्या मुलाचं फार बिघडत नाही. त्याची आई संध्याकाळी घरी असतेच. पण जे मूल आवारातच झोपतं, त्याच्या आयुष्यात हे पाहुणे मावशी-मामा होऊन येतात, कडेवर घेतात, अंगाई म्हणतात आणि तिकिटाच्या तारखेला निघून जातात. पुढच्या सुट्टीत दुसरे येतात.

परत आलेली माणसं हमखास सांगतात की पहिल्याच दिवशी एक चिमुरडी धावत येऊन गळ्यात पडली, हात सोडेना. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. माझ्या पोटात गोळा येतो. आपल्या घरातलं तीन वर्षांचं पोर अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड लपतं, आणि ते निरोगी लक्षण आहे. कुणाच्याही गळ्यात पडणं हे एकाच माणसाची सवय लागू न शकलेल्या मुलात दिसतं. रुमानियातल्या बालसंस्थांमधल्या मुलांचा 2000 सालापासून बुखारेस्टमध्ये जो अभ्यास झाला, त्यात हे नीट नोंदलं गेलं. ज्या मुलांना लवकर संस्थेतून काढून सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात ठेवलं, त्यांची माणसांशी जवळीक पुष्कळ सावरली. म्हणून "मी मुलांना प्रेम द्यायला जातोय" हे कारण मला अजिबात पटत नाही. महिनाभराचं प्रेम शाळेत चालतं, निवासगृहात ते मुलाला महागात पडतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी. त्या इमारतीत झोपणारी मुलं अनाथ असतात असं आपण गृहीत धरतो. बहुतेक नसतात. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेने 2009 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगभरातल्या बालसंस्थांमधल्या पाचपैकी किमान चार मुलांचे आई किंवा वडील, किंवा दोघंही, हयात असतात. मग ती तिथं का? गरिबी, आईचं आजारपण, आणि फार वेळा केवळ शाळेसाठी. फी, गणवेश, जेवण तिथं मिळतं, म्हणून आई मुलाला सोडून जाते. केनिया सरकारने 2017 मध्ये नव्या बालसंस्थांची नोंदणी थांबवली आणि 2022 पासून दहा वर्षांत मुलांना कुटुंबात परत नेण्याचं धोरण आखलं, ते याच कारणाने.

कोल्हापूरकराला हे समजायला जड जाऊ नये. शाहू महाराजांनी 1901 पासून इथं जातीजातींची बोर्डिंगं उभी केली, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. खेड्यातली पोरं शिकायला या बोर्डिंगांत राहिली. त्यांचे आईबाप गावी शेतात राबत होते. त्या पोरांना कुणी अनाथ म्हटलं नाही. मग केनियातल्या मुलाची आई दोन डोंगरांपलीकडे जिवंत असताना आपण त्याच्या फोटोखाली "अनाथ लेकरू" कसं लिहितो?

फोटोवरून मी नेहमी भांडतो आणि भांडत राहीन. आपल्याकडे 2015 च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम 74 बालगृहातल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करू देत नाही. कोल्हापुरातल्या बालगृहात जे करायला आपण धजणार नाही, ते विमानाचं तिकीट काढलं की कसं चालतं?

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं 1:27 हे वचन अशा प्रत्येक निरोप-प्रार्थनेत वाचलं जातं. नीट वाचा. तिथं संकटातल्या अनाथांबरोबर विधवाही आहेत. आपण मुलाला उचलतो आणि त्याच वचनातल्या त्याच्या आईला विसरतो. आपल्या राज्याची बालसंगोपन योजना महिन्याला 2250 रुपये देते ती मूल कुटुंबात राहावं म्हणून, आणि मला तोच मार्ग वचनाच्या जास्त जवळचा वाटतो.

म्हणून माझा आग्रह साधा आहे. जायचंच तर शाळेत जा, आणि तिथल्या शिक्षकांच्या हाताखाली काम करा. प्रयोगशाळा लावून द्या, डोळे तपासा, हिशेबाची वही नीट करून द्या, वाचनालयाची पुस्तकं नोंदवा. निवासगृहात पाऊल टाकलंत तर स्वयंपाकघरात आणि धुण्याच्या दगडावर हात लावा, म्हणजे तिथल्या कायमच्या मावशींना मुलांजवळ बसायला वेळ मिळेल. मुलाला निजवायचं काम त्यांचं.

आणि तिकीट काढण्याआधी संस्थेला तीन प्रश्न लिहून पाठवा. किती मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत? गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली? मूल घरीच राहून तुमच्या शाळेत शिकणार असेल तर त्याची फी आम्ही भरू शकतो का? तिसऱ्या प्रश्नाला "नाही, देणगी फक्त निवासी मुलांसाठीच घेतो" असं उत्तर आलं, तर मी त्या संस्थेत कुणालाही पाठवत नाही.