चेहऱ्यावरचं जंतुनाशक ओघळून जातं कुठे?

पोटाच्या शस्त्रक्रियेआधी त्वचेला लावलेलं जंतुनाशक ओघळलं, तर चादर भिजते. चेहऱ्यावरचं ओघळलं, तर ते डोळ्यात, कानात, नाही तर तोंडात जातं. त्यातच पूर्ण भूल दिलेल्या माणसाच्या पापण्या बऱ्याचदा अर्धवट उघड्या राहतात, तो डोळे मिचकावत नाही आणि आग होतेय म्हणून सांगूही शकत नाही. त्यामुळे चेहऱ्यासाठी औषध निवडताना ते किती जंतू मारतं एवढंच पाहून भागत नाही.

वापरातली मुख्य नावं तीन: पोव्हिडोन आयोडीन, क्लोरहेक्सिडिन आणि अल्कोहोल. क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल या जोडीचा दबदबा वाढला तो 2010च्या एका अभ्यासाने. 849 रुग्णांमध्ये जखमेच्या संसर्गाचं प्रमाण या जोडीने 9.5 टक्के, तर पाण्यातल्या पोव्हिडोन आयोडीनने 16.1 टक्के आलं. फरक मोठा आहे खरा, पण मला ही लढत बरोबरीची वाटत नाही. एका बाजूला अल्कोहोल होतं, दुसऱ्या बाजूला नव्हतंच! शिवाय त्या शस्त्रक्रिया आतडी, छाती, मूत्रमार्ग अशा भागांच्या होत्या. पुढे स्वित्झर्लंडमध्ये 3,000हून अधिक रुग्णांवर दोन्हीकडे अल्कोहोल घालून तुलना झाली. 2024 मध्ये तिचा निकाल आला आणि आयोडीन मागे पडलं नाही. चेहऱ्याला तर रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे इथल्या स्वच्छ जखमा एरवीही फारशा चिघळत नाहीत. म्हणजे फायदा थोडा आणि चूक झाली तर नुकसान मोठं.

ते नुकसान कसं होतं? क्लोरहेक्सिडिनच्या रेणूवर धन विद्युतभार असतो. त्यामुळे तो त्वचेच्या वरच्या थराला चिकटून बसतो आणि तासन्‌तास काम करत राहतो. त्वचेवर हा गुण, डोळ्यात मात्र हाच अवगुण. बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचा बाहेरचा थर खरवडला गेला तर पुन्हा भरून येतो. सगळ्यात आतला थर मात्र एकाच पेशीच्या जाडीचा असतो. पटलात शिरणारं पाणी सतत उपसून त्याला नितळ ठेवणं हे त्याचं काम, आणि माणसात या पेशी जवळजवळ पुन्हा तयारच होत नाहीत. त्या पुरेशा संख्येने मेल्या की पटल सुजतं, धुरकट होतं आणि कधी कधी पटलाचं प्रत्यारोपण करण्याची पाळी येते. डोळ्यात चुकून गेलेल्या क्लोरहेक्सिडिनमुळे असं झाल्याच्या नोंदी 1980च्या दशकापासून आहेत.

याउलट मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी 5 टक्के पोव्हिडोन आयोडीनचं पाण्यातलं द्रावण मुद्दाम डोळ्यात घालतात. इथे एक मेख आहे. त्याच नावाचा, फेस येणारा ‘स्क्रब’ही मिळतो आणि त्यातला साबणासारखा घटक डोळ्याला इजा करतो. म्हणून बाटलीवर नुसतं औषधाचं नाव वाचून चालत नाही.

कानाचंही तसंच. पडद्याला भोक असेल तर द्रव मधल्या कानात उतरतो. तिथून आतल्या कानात जायला एका पातळ पापुद्र्याचाच काय तो अडसर असतो. पलीकडच्या ऐकण्याच्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. कानाच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन वापरल्यावर आलेल्या बहिरेपणाचा अहवाल 1971 मध्येच प्रसिद्ध झाला होता. कानात कापसाचा बोळा घालणं ही साधी खबरदारी आहे, पण तो बोळाच भिजून आत राहिला तर काय उपयोग?

अल्कोहोलचा धोका वेगळाच. ते पेट घेतं. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत बऱ्याचदा नाकाला लावलेल्या नळीतून ऑक्सिजन चालू असतो आणि वीतभर अंतरावर कॉटरी, म्हणजे विजेच्या उष्णतेने रक्तस्राव थांबवणारं उपकरण. अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते, शस्त्रक्रियेच्या प्रखर दिव्याखाली ती चटकन दिसतही नाही. म्हणून केस नसलेल्या त्वचेवर निदान 3 मिनिटं वाळू द्यायचं, अशी सूचना अशा औषधांवर असते. भुवया, दाढी किंवा केसांत ते मुरलं तर वाळायला तासभरही लागू शकतो. मानेखाली साचलेलं थारोळं तर आपोआप वाळेल या भरवशावर सोडायचंच नाही, ते टिपून काढायचं.

आयोडीनही निर्धोक नाही. रक्त लागलं की त्याचा जोर कमी होतो आणि वाळायला त्यालाही दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. माशांची किंवा कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र त्याला घाबरायचं कारण नाही. ती ॲलर्जी त्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. क्लोरहेक्सिडिनची तीव्र ॲलर्जी दुर्मीळ असली तरी जिवावर बेतू शकते. ते काही माउथवॉशमध्येही असतं. तेव्हा चूळ भरल्यावर कधी अंगावर पित्त उठलं असेल किंवा धाप लागली असेल, तर ते भूलतज्ज्ञांच्या कानावर शस्त्रक्रियेआधीच घालावं.