कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन, शुद्ध मानवी

मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या पाठपुराव्यात मोजले जाणारे अर्बुददर्शक (गाठीची चाहूल देणारे, ट्यूमर मार्कर) प्रथिन. मानवी ऊतीतून किंवा पेशींतून वेगळे करून शुद्ध केलेले त्याचे रूप संशोधनासाठी आणि तपासणी-किट तयार करण्यासाठी वापरतात. लॅबमध्ये याला सगळे ‘सीईए’च म्हणतात. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये ते प्रथम वर्णिले. कर्करोगाच्या गाठीत आणि गर्भाच्या आतड्यात ते सापडले. निरोगी प्रौढांतही थोडे असते, हे पुढे स्पष्ट झाले.

सीईएचा रेणुभार सुमारे १,८०,००० ते २,००,००० डाल्टन असून त्याचा निम्म्याहून अधिक भाग शर्करांचा असतो. शुद्धीकरणाची जुनी रीत याच गोष्टीवर उभी आहे. यकृतात पसरलेल्या आतड्याच्या गाठीची ऊती दळून परक्लोरिक आम्लात मिसळली की बहुतेक प्रथिने साक्याच्या रूपाने खाली बसतात. शर्करांनी लपेटलेले सीईए मात्र द्रावणातच राहते. मग आम्ल काढून टाकून जेल-गाळण (रेणूच्या आकारानुसार) व आयन-विनिमय (विद्युतभारानुसार) स्तंभांतून ते वेगळे करतात. आता प्रतिपिंड (ठरावीक रेणूला ओळखून चिकटणारी प्रथिने) बसवलेले स्तंभही वापरतात आणि कर्करोगी पेशींच्या संवर्धनद्रवातूनही माल मिळवतात. खरी कटकट भावंडांची. सीईएच्या कुळातील एनसीए हे प्रथिन इतके सारखे आहे की ते मिसळून राहिले तर त्या मालावर तयार केलेले प्रतिपिंड दोघांनाही चिकटतात, आणि तपासणीतला सीईएचा आकडा फुगतो.

स्रोत मानवी असल्याने एचआयव्ही आणि ब व क कावीळ यांच्या चाचण्या नकारात्मक आल्या तरी कुपी संसर्गजन्य मानूनच हाताळावी. द्रावण लहान भागांत वाटून गोठवतात. पुन्हापुन्हा वितळवणे टाळतात.

ही कुपी रुग्णाला दिसत नाही, पण रिपोर्टवरचा आकडा तिच्याशीच ताडलेला असतो. ज्ञात प्रमाणातल्या शुद्ध सीईएवरून किटची मोजपट्टी आखतात, आणि ती जुळवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा ७३/६०१ हा संदर्भनमुना आहे. तरीही दोन कंपन्यांचे प्रतिपिंड रेणूच्या वेगवेगळ्या जागा पकडतात, त्यामुळे एकाच रक्ताचे दोन आकडे येऊ शकतात.

बेळगाव सीमाभागात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली तंबाखू. निपाणीचा पट्टा विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे; १९८१ चे शेतकरी आंदोलनही याच पिकाच्या भावासाठी झाले. धूम्रपानाने सीईए कर्करोग नसतानाही वाढते, म्हणून न ओढणाऱ्यांसाठी साधारण ३ आणि ओढणाऱ्यांसाठी ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी वेगळी मर्यादा धरण्याची प्रथा आहे. सॅम्पल घेताना ‘विडी ओढता का?’ हे विचारलेच पाहिजे, आणि ‘तंबाखू खाता का?’ हा त्याला पर्याय नव्हे. यकृताच्या आजारात व आतड्याच्या दाहातही आकडा चढतो. उलट, सुरुवातीच्या कर्करोगात तो नॉर्मलही असू शकतो. त्यामुळे ‘कॅन्सरची रक्ततपासणी’ म्हणून धडधाकट माणसाने पॅकेजमध्ये सीईए करून घेणे म्हणजे पैसे देऊन घोर विकत घेणे होय.

दुसरी गोष्ट उपचारांच्या वाटांची. निपाणी-चिकोडीकडचे रुग्ण कोल्हापूर-मिरजेला जातात, खानापूरकडचे बेळगावला. आणि ऑपरेशन एकीकडे, पाठपुरावा दुसरीकडे, हेही सर्रास घडते. गाठ पूर्ण निघाल्यास सीईए साधारण चार ते सहा आठवड्यांत खाली येते. पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी मोजत राहून ते पुन्हा चढते का, हे पाहतात. मिरजेचा जुना आणि बेळगावचा नवा आकडा वेगळ्या किटवरचे असतील, तर ती चढउतार रोगाची की किटची हे सांगता येत नाही. म्हणून रिपोर्टवर पद्धतीचे नाव असावे, आणि लॅब बदलायचीच झाली तर एकच सॅम्पल दोन्ही ठिकाणी तपासून नवा पाया ठरवून घ्यावा.