हात कमरेशी, हनुवटी उघडी

१८ मे २०२४, रियाध. हेवीवेट बॉक्सिंगच्या लढतीत नवव्या फेरीत ओलेक्झांडर उसिकचा डावा हात टायसन फ्यूरीच्या चेहऱ्यावर बसला आणि सहा फूट नऊ इंचांचा तो गडी झोकांड्या खात रिंगभर फिरला. दोर होते म्हणून जमिनीवर आला नाही, इतकंच. रेफरीने तरी आकडे मोजायला घेतले. सुरुवातीच्या फेऱ्यांत हाच फ्यूरी हात खाली सोडून, कमरेतून मागे रेलून उसिकची टर उडवत होता. निकाल उसिकच्या बाजूने लागला, तोही तीनपैकी दोन जजच्या मताने. त्यातल्या एकाच्या कार्डावर फरक अवघ्या एका गुणाचा होता.

फ्यूरीवर ‘हात वर ठेवले असते तर’ अशी टीका होणं साहजिक होतं. पण याच फ्यूरीने २८ नोव्हेंबर २०१५ ला ड्युसेलडॉर्फमध्ये व्लादिमिर क्लिचकोला हरवलं, तेही हात खाली ठेवूनच. अकरा वर्षं न हरलेला क्लिचको समोर उभा असताना मध्येच त्याने दोन्ही हात चक्क पाठीमागे नेले होते. बारा फेऱ्यांत क्लिचकोचे फक्त ५२ ठोसे लागल्याची ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सची नोंद आहे. मारायचं कुठे हेच त्याला कळेना. डोकं दिसतंय, समोर आहे, आणि मारायला जावं तर तिथे नाही.

एकाच पवित्र्याने एकदा जगज्जेता केलं आणि एकदा दोरांवर लोंबकळत ठेवलं. या पवित्र्याची गोष्ट मात्र फ्यूरीच्या जन्माच्या बरीच आधीची आहे.

बॉक्सिंगच्या जिममध्ये पहिल्या दिवशी जे शिकवतात ते जगभर सारखंच. हनुवटी छातीकडे, डावा खांदा पुढे, डावा हात गालाच्या उंचीवर, उजवी मूठ हनुवटीला चिकटलेली. ठोसा आला तर डोकं बाजूला काढायचं किंवा खाली न्यायचं. सरळ मागे कधीच न्यायचं नाही. कारण मागे झुकलं तरी डोकं ठोशाच्या रेषेतच राहतं, फक्त चार-सहा इंच लांब जातं. पहिला ठोसा हुकतो. त्याच्या मागून येणारा दुसरा लांबवर पोचतो आणि तो नेमका लागतो. वजन मागच्या पायावर गेलेलं असल्याने उलट मारायला जोर उरत नाही तो वेगळाच. हलक्या वजनगटात ही चूक एखाद्या वेळी खपून जाते. हेवीवेटमध्ये ठोशामागे नव्वद-शंभर किलोंचा देह असतो. तिथे एकदा चुकलं की रात्र संपली.

या नियमाला पहिला मोठा अपवाद जॅक जॉन्सन. २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. ताठ उभा राहून, किंचित मागे रेलून तो समोरच्याचे ठोसे उघड्या पंजाने वाटेतच थोपवायचा. पुढे जगज्जेता जो लुई याचा जमाना आला आणि हेवीवेट कसा असावा याचा साचा त्याच्यावरून ठरला: आटोपशीर हालचाल, आखूड आणि जबर ठोसे, हात जागच्या जागी.

हा साचा मोडला कॅशियस क्लेने, म्हणजे नंतरच्या मुहम्मद अलीने. लुइव्हिलच्या या पोराची बारा वर्षांचा असताना सायकल चोरीला गेली, तक्रार करायला गेला तो पोलीस बॉक्सिंग शिकवणारा निघाला, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. शैलीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की त्याचं दैवत लुई नव्हता, शुगर रे रॉबिन्सन होता, म्हणजे वेल्टर आणि मिडलवेट या हलक्या वजनगटांचा राजा. सव्वासहा फुटी हेवीवेट देहात त्याने मिडलवेटचे पाय बसवले. १९६० चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकल्यावर तो काही दिवस आर्ची मूर या मुरलेल्या बॉक्सरच्या तळावर शिकायला गेला. मूरला त्याला शक्ती राखून लढायला शिकवायचं होतं. गुरूघरचं झाडणं-भांडी घासणं आणि हे शिक्षण, दोन्ही पठ्ठ्याला रुचलं नाही. मग मायामीत प्रशिक्षक अँजेलो डंडी भेटला. डंडीचा मोठेपणा असा की त्याने शैली दुरुस्त करायचा हट्ट धरला नाही. पोराने न मारलेल्या ठोशाबद्दलही ‘काय मारलास!’ म्हणून शाबासकी द्यायची, की दुसऱ्या दिवशी पोरगा तो ठोसा मारून दाखवतो, ही त्याची पद्धत.

हात खाली ठेवण्यात मिळतं काय? नजरेआड काही येत नाही, समोरचा पायापासून डोक्यापर्यंत दिसतो. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, कमरेपासून वर येतो, त्यामुळे तो निघाला कधी हे समोरच्याला उशिरा कळतं. तासभर मुठी वर धरून खांदे भरून येतात, तेही वाचतं. पण खरी मेख हूल देण्यात आहे. उघडी हनुवटी हे आमिष असतं. समोरचा पोटाकडे, बरगड्यांकडे बघणंच सोडून देतो आणि डोक्यामागे लागतो. हेवीवेटला लागलेल्या ठोशापेक्षा हुकलेला ठोसा जास्त दमवतो. हवेत फेकलेलं ते वजन पुन्हा आपणच आवरायचं असतं. शिवाय असा गडी सरावाला आणायचा कुठून? क्लेसारखा लढणारा दुसरा क्ले नव्हताच.

आता दुसरी बाजू बघा. १८ जून १९६३, वेम्बली स्टेडियम. समोर हेन्री कूपर, जेमतेम ८४-८५ किलोंचा, म्हणजे क्लेपेक्षा दहा किलोंनी हलका. त्याचा डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, मात्र इंग्लंडभर नावाजलेला. कूपरच्या डोळ्यावर जखम झालेली, क्ले त्याच्याशी खेळतोय. चौथी फेरी संपायला काही क्षण असताना क्ले दोरांकडे सरळ मागे गेला, हात खाली, आणि हुक जबड्यावर आला. चित्रफीत थांबवून पाहिली तर दिसतं की त्याने मागे झुकायला सुरुवात केली होती, पण मागे दोर होते. झुकायला जागाच नव्हती. तो दोरांवरून घसरत खाली बसला. उठला तेव्हा डोळ्यांत ओळख नव्हती, आणि घंटा वाजली. डंडीने नाकाशी हुंगायचे क्षार धरले, हातमोज्याची आधीच उसवलेली शिवण बोटाने आणखी उसवली आणि ती रेफरीला दाखवली. दंतकथेत या खटपटीने काही मिनिटं मिळाली. चित्रफितीत ते काही सेकंदच आहेत. पुढच्याच फेरीत कूपरच्या डोळ्याची जखम इतकी फाकली की लढत थांबवावी लागली. वर्षभर आधी सनी बँक्सनेही क्लेला पहिल्याच फेरीत असाच डाव्या हुकने बसवलं होतं. म्हणजे घराचं कुठलं दार उघडं आहे हे २५ फेब्रुवारी १९६४ ला सनी लिस्टनला हरवून जगज्जेता होण्याआधीच जगजाहीर झालं होतं.

तरी पुढची तीन वर्षं त्या दारापर्यंत कुणी पोचलं नाही. याचा पुरावा म्हणून नोव्हेंबर १९६६ ची क्लीव्हलंड विल्यम्सविरुद्धची लढत हमखास दाखवली जाते. मला ती फारशी पटत नाही. पाय काय चालतात त्यात, मान्य. पण विल्यम्सला दोन वर्षांपूर्वी पोलिसाची गोळी लागून त्याचं एक मूत्रपिंड गेलं होतं. अर्ध्या झालेल्या माणसासमोरचं नृत्य ते.

मग आली बंदी. एप्रिल १९६७ मध्ये अलीने सैन्यभरतीला नकार दिला, किताब आणि परवाना दोन्ही गेले. तो परतला ऑक्टोबर १९७० मध्ये, अटलांटात जेरी क्वारीविरुद्ध. पंचवीस ते अठ्ठावीस ही वर्षं रिंगबाहेर गेली. त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी नंतर जे निदान केलं ते या साऱ्या विषयाचं मर्म आहे: पाय गेले म्हणजे पहिली तटबंदी गेली, आणि मग त्याला शोध लागला की आपण मार सोसू शकतो. पाचेको यांना ही गोष्ट भाग्याची वाटली नाही.

या नव्या अलीला वाचणारा माणूस होता एडी फच. अलीचा प्रतिस्पर्धी जो फ्रेझियर, त्याच्या कोपऱ्यातला हा शांत प्रशिक्षक. अली उजवा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मारताना गुडघे वाकवत नाही, उभ्याउभ्याच हात खाली नेतो, हे त्याने हेरलं. तो हात खाली जाताना दिसला की डावा हुक सोडायचा, डोकं तिथेच असणार. ८ मार्च १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पंधरावी फेरी. अलीचा उजवा हात खाली गेला आणि फ्रेझियरचा हुक जवळजवळ जमिनीवरून उगवला. अली पाठीवर, बुटांचे लाल गोंडे हवेत. तो लगेच उठला, हे मला त्या पडण्यापेक्षा जास्त भयंकर वाटतं. दोन वर्षांनी फचने केन नॉर्टनला दुसरा धडा दिला: अलीचा उजवा हात जॅब अडवायला हनुवटीपासून दूर असतो, तर त्याच्या जॅबबरोबरच आपला जॅब टाक. ३१ मार्च १९७३ ला सॅन डिएगोत अलीचा जबडा मोडला.

वेगळ्या शैलीचं हे दुखणं जुनंच आहे. फ्लॉइड पॅटरसनने दोन्ही मुठी गालांना चिकटवून, खाली दबून मुसंडी मारायची पद्धत प्रशिक्षक कस डिअमाटोकडून घेतली आणि १९५६ मध्ये एकविसाव्या वर्षी जगज्जेता झाला. लिस्टनने त्याला दोनदा पहिल्याच फेरीत झोपवलं. तीच पद्धत पुढे माइक टायसनने राक्षसी केली. कस वारला, तीन वर्षांनी प्रशिक्षक केव्हिन रूनीला काढलं, डोक्याची हालचाल कमी होत गेली, आणि १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने त्याला हरवलं. डिऑन्टे वाइल्डरचे पवनचक्कीसारखे फिरणारे हात वर्षानुवर्षं माणसं आडवी करत होते; २०२० मध्ये फ्यूरी नेहमीचं रेलणं सोडून सरळ त्याच्या अंगावर चालून गेला तेव्हा त्या हातांना मागे जाता येईना. अशा शैलीत एकच खांब सगळा भार पेलत असतो. खांब कुठला हे ओळखायला चाणाक्ष माणूस लागतो किंवा नुसता काळ.

अलीचा खांब पाय होते. ते गेल्यावर त्याने जे केलं ते अजून शिकवलं जातं आणि ते शिकवू नये असं माझं मत. ३० ऑक्टोबर १९७४, किन्शासा, पहाटेचे चार. समोर जॉर्ज फोरमन, ४० लढती, ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट. पहिल्या फेरीत अलीने जॅब न मारता थेट उजवा हात चालवून त्याला चकित केलं. फोरमन हलला नाही. दुसऱ्या फेरीपासून अली दोरांना पाठ लावून मागे रेलला. नीट बघितलं तर हा तोच जुना पवित्रा. कूपरसमोर दोर आडवे आले होते, इथे पायांचं काम त्याने दोरांकडेच सोपवलं. फरक एवढाच की आता हात वर होते आणि मार दंडांवर, बरगड्यांवर, मूत्रपिंडांवर पडत होता. आठव्या फेरीत दमलेला फोरमन कोसळला. फोरमनच्या कोपऱ्यात तेव्हा आर्ची मूर होता, अलीने ज्याची शिकवण नाकारली होती तोच.

या विजयाने अलीचं नुकसान केलं. दोरांवर उभं राहून मार खाणं ही त्याची सवय झाली. सरावातसुद्धा तो जोडीदारांना मारू द्यायचा. १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलात फ्रेझियरशी चौदा फेऱ्या. सप्टेंबर १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सशी पंधरा, आणि शेव्हर्सइतका जबर ठोसा त्या काळात फारच थोड्यांकडे होता. त्या लढतीनंतर मूत्रपिंडांच्या तपासणीचा अहवाल अलीच्या माणसांकडे पाठवून पाचेको बाजूला झाले.

साठच्या दशकातल्या जाणत्यांनी बजावलं होतं की हात खाली ठेवणारा हा पोरगा एक दिवस थंड पडेल. कारकिर्दीचा हिशेब काढला तर ६१ लढती, ५६ विजय. खाली बसला चार वेळा, दहा आकडे मोजून बाद एकदाही नाही. जाणत्यांचं भाकीत साफ चुकलं. तो पडला असता तर थांबला असता. शैलीने त्याला पडण्यापासून वाचवलं आणि पायांनी दगा दिल्यावर पुढची दहा वर्षं उभं राहून सोसायला लावलं. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. त्यात ठोशांचा वाटा किती यावर डॉक्टरांत मतभेद राहिले.

जानेवारी १९८० मध्ये तो दिल्लीत आला होता. पंजाबच्या कौर सिंग यांच्याशी चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत खेळला. हेच कौर सिंग दोन वर्षांनी एशियाडमध्ये हेवीवेटचं सुवर्ण जिंकणार होते. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, अडतिसाव्या वर्षी, अली लास व्हेगासमध्ये लॅरी होम्ससमोर उभा राहिला. होम्स त्याच्याच तळावरचा जुना सराव-जोडीदार. जॅब कसा मारावा हे त्याने अलीला वर्षानुवर्षं जवळून पाहत पक्कं केलेलं. वजन उतरवून अली आरशात पूर्वीसारखा दिसत होता. रिंगमध्ये तो मागे रेलायचा आणि जॅब लागायचाच. होम्स मध्येच रेफरीकडे बघायचा, थांबवा आता, अशा नजरेने. दहावी फेरी संपली. डंडीने लढत थांबवल्याचं रेफरीला सांगितलं. फुलपाखरासारखं तरंगण्याची ती प्रसिद्ध ओळ ज्याच्या डोक्यातून निघाली, तो अलीचा साथीदार बंडिनी ब्राउन डंडीचा स्वेटर ओढत अजून एक फेरी मागत होता. डंडी त्याच्यावर ओरडला, की इथला मुख्य मी आहे. अली स्टुलावर बसून होता, काही बोलला नाही.