अटक झाली तर: पहिल्या २४ तासांत काय पाहावे, काय मागावे
(आमच्या पक्षकारांसाठी माहितीपत्रक: जळगाव, धुळे, नंदुरबार)

‘नुसतं चौकशीला बोलावलंय’ म्हणून माणूस ठाण्यात जातो आणि रात्रभर बाकावर बसून राहतो. म्हणून आधी हे विचारा: अटक आहे की नोटीस? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल, तर पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली नोटीस द्यायची असते. ती घ्या, तारखेला हजर राहा. नोटीस चुकवली की अटकेला आयते कारण मिळते.

अटक झालीच तर झटापट करू नका. मूळ गुन्हा जामीनपात्र (जामीन हक्काने मिळणारा) असला तरी ‘सरकारी कामात अडथळा’ (पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३५३, आता भारतीय न्याय संहितेचे कलम १३२) वर चढते आणि ते अजामीनपात्र आहे.

खरी गडबड अटक मेमोत (अटकेची नोंद करणाऱ्या पोलिसांच्या कागदात) होते, तीही वेळेच्या रकान्यात. माणूस सकाळी दहाला बाजारातून उचललेला, मेमोवर रात्रीचे नऊ. म्हणजे कागदावर अकरा तास गायब. अटकेपासून २४ तासांत न्यायाधीशांसमोर न्यावे लागते, आणि कायद्याने हे २४ तास मोजायचे ते माणूस ताब्यात घेतल्यापासून, ठाण्याच्या डायरीत नोंद झाल्यापासून नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच हे सांगितले आहे. सहीशेजारी खरी वेळ लिहा. लिहू दिली नाही, तर न्यायाधीशांना सांगा. घरच्यांनीही उचलल्याची वेळ लगेच कुणाला तरी मेसेज करून ठेवावी. मेमोवर घरचा किंवा गल्लीतला प्रतिष्ठित साक्षीदार लागतो. कोऱ्या कागदावर सही नको. पोलिसांपुढच्या जबाबावर तर सही लागतच नाही (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८१).

अटकेची कारणे लेखी, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत आणि रिमांडसाठी (कोठडी मागण्यासाठी) न्यायाधीशांसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी मिळालीच पाहिजेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२५ चा निकाल आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पावरी, भिली बोलणाऱ्यांनी मराठी कळत नसेल तर तसे तिथेच सांगावे.

सुरत किंवा बऱ्हाणपूरचे पोलीस रावेर-शिरपुरातून माणूस नेतात, तेव्हा प्रवासाचा वेळ २४ तासांत धरत नाहीत. सुट्टीचा दिवस मात्र धरतात. रविवारीही न्यायाधीशांसमोर न्यावेच लागते.

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला सहसा अटक करता येत नाही. अपवाद असल्यास महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी. मोबाइल, पाकीट, सोनसाखळी काढून घेतली तर पावती मागा. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, पण वकील पूर्ण वेळ शेजारी बसत नाही. पैसे नसतील तर १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या क्रमांकावर फोन करा; कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन ठाण्यातच मिळतो. जामीनदाराचे आधार कार्ड, फोटो आणि सातबारा किंवा घरपट्टीची पावती घेऊन या. ‘साहेबांचे चहापाणी’ हा जामिनाचा भाग नाही.

कोर्टात पीसीआर (पोलीस कोठडी) की एमसीआर (न्यायालयीन कोठडी) ठरण्याआधी न्यायाधीश विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ मारहाण झाली असून भीतीने ‘नाही’ म्हटले, तर तेच कागदावर येते आणि पुढे खोडून काढणे अवघड होते. त्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना प्रत्येक वळ दाखवा आणि अहवालाची प्रत मागा.